वारीसाठी पाळी लांबवणाऱ्या बायका : दिंडीचालकांना खुले पत्र

प्रति,
आषाढी वारीतील सर्व दिंडीचालक, फडकरी आणि विणेकरी महाराज यांस

रामकृष्ण हरी.

या पत्राचं कारण एक गोळी आहे. नॉरएथिस्टेरॉन तिचं नाव. बायका तिला पाळी लांबवायची गोळी म्हणतात. लग्न, सत्यनारायण, गौरी-गणपती, नवरात्र, कुलदैवताची जत्रा, चारधाम... जिथे जिथे ‘मधेच अडचण यायला नको’ असं घरातलं कुणी म्हणतं, तिथे ही गोळी कुणाच्या तरी पर्समध्ये असते. आषाढी वारीत ती पिशवीत असते, बुक्क्याच्या आणि गोपीचंदनाच्या डबीशेजारी.

मी शिक्षण संपवून नुकतीच कामाला लागलेली डॉक्टर आहे. माउलींच्या पालखी मार्गावर वैद्यकीय पथकात काम केलं आहे. तळावर टेबल मांडून बसलं की पुरुष वारकरी मोठ्याने तक्रार सांगतात: पायाला फोड आलेत, पोट बिघडलंय, कंबर धरलीय. बायकाही हेच सांगतात. पण गर्दी ओसरली, पुरुष डॉक्टर जेवायला उठले, की एखादी परत येते आणि खाली बघत म्हणते, ‘बाई, एक विचारायचं होतं.’ त्यातल्या बऱ्याच जणींना या गोळीबद्दल विचारायचं असतं. कुणाकडची संपलेली असते, कुणाला घेऊनही डाग दिसू लागलेले असतात, कुणाला मळमळ थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, हा बायकांचा आणि डॉक्टरांचा विषय, आम्हाला पत्र कशाला? तुम्हालाच लिहिते आहे, कारण बायका ही गोळी आजारपणासाठी घेत नाहीत. तुमच्या दिंडीत चालता यावं म्हणून घेतात.

एक साधं गणित बघा. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. म्हणजे सुमारे अडीच आठवडे. पाळीचं चक्र साधारण २८ दिवसांचं. ज्यांची पाळी अजून चालू आहे अशा निम्म्याहून अधिक बायकांची तारीख वाटेतच पडणार. वारीत साठीच्या पुढच्या आज्या जास्त दिसतात हे खरं, पण सुना आणि लेकीही चालतात आणि अलीकडे तर शहरातून सुट्टी काढून येणाऱ्या मुलीही पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी कितीजणी गोळ्या घेतात याचा हिशेब तुमच्याकडच्या भिशीच्या, म्हणजे दिंडीच्या जेवणखर्चाच्या, वहीत सापडणार नाही.

लोणंद सोडून पालखी तरडगावला आली होती. संध्याकाळी मराठवाड्यातली एक पस्तिशीची बाई सासूला घेऊन आली. ‘डावा पाय बघा जरा. रात्री तेल लावून चोळला तरी उतरत नाही.’ वारीत पाय सगळ्यांचेच सुजतात, पण तिचा एकच सुजला होता. गुडघ्याच्या खाली हाताच्या वितीवर खूण केली आणि टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने जाड भरली. पोटरी दाबली तशी ती कळवळली, कातडी गरम लागत होती. काही औषध चालू आहे का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. सासू बाटली भरून आणायला गेली तसं तिने पदराची गाठ सोडली आणि रिकामं होत आलेलं पाकीट माझ्यापुढे धरलं.

‘ही तेवढी.’

‘कधीपासून घेताय?’

‘आळंदीच्या आधीपासून.’

‘कुणी दिली?’

‘मेडिकलवाल्यानं. जाऊबाई पण हीच घेते ना.’

‘आणि कशासाठी?’

‘तुळस डोक्यावर आहे माझ्या. मधेच आली तर कुणाच्या डोक्यावर देऊ?’

रुग्णवाहिकेतून तिला पुढच्या रुग्णालयात पाठवलं. डॉपलर सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. तीच गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असती तर माणूस काही मिनिटांतही जातो. रक्त पातळ ठेवण्याचं औषध वेळेवर सुरू झालं आणि ती वाचली. तिची वारी मात्र तरडगावलाच संपली. गोळीमुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तिचं वजन जास्त होतं. गावाहून आळंदीला येताना रात्रभर जीपमध्ये अंग आखडून बसली होती. लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी बेताने पीत होती. या सगळ्यात गोळीची भर पडली. जी बाई तपासणीला बसली असती तर तिला ही गोळी कुठल्याही डॉक्टरने दिली नसती, ती बाई दिवसाला तीन-तीन गोळ्या घेत होती.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिला विचारलं, महाराज काही म्हणाले होते का पाळीबद्दल? ती म्हणाली, ‘नाही हो. महाराजांना कोण सांगणार असलं?’

या एका उत्तरासाठी मी हे पत्र लिहिते आहे. तिला कुणी मनाई केली नव्हती. पण पाळीत दिंडीबरोबर चाललीस तरी हरकत नाही, असंही कुणी सांगितलं नव्हतं.

मी दिंड्यादिंड्यांतून बायकांना विचारत गेले तेव्हा प्रत्येक ठिकाणी वेगळी रीत निघाली. एका दिंडीत पाळी आलेली बाई नेहमीसारखी चालते, फक्त भाकऱ्या थापायला बसत नाही. दुसरीत ती ओळीच्या शेवटी जाते आणि कीर्तनाला मांडवाच्या बाहेर बसते. तिसरीत कुणी काही पाळत नाही, टाळ-मृदंगाच्या गजरात कुणाला पत्ताही लागत नाही. एका आजीबाईंनी तर मलाच झापलं, ‘विठोबानं कधी विचारलंय का गं असलं?’ पण नवी आलेली बाई, पहिल्यांदा सुनेच्या नात्याने आलेली मुलगी, तिला आपल्या दिंडीत यातली कुठली रीत आहे हेच ठाऊक नसतं. विचारायची सोय नसते. मग ती घरूनच बंदोबस्त करून येते. तुमच्या गप्प राहण्याची किंमत ती मेडिकलच्या काउंटरवर मोजते.

आता गोळीविषयी नीट सांगते, कारण अर्धवट माहितीच जास्त फिरते आहे. पाळी येते ती शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं म्हणून. ही गोळी त्याच जातीचं औषध बाहेरून पुरवते, म्हणून गर्भाशयाचं अस्तर जागेवर टिकतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. सहसा तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात, ५ मिलिग्रॅमची एक, दिवसातून ३ वेळा. थोड्या दिवसांसाठी, तपासून दिली तर निरोगी बाईला ती बहुधा झेपते. मी स्वतः लिहून देते. औषधाशी माझं वैर नाही.

पण या मात्रेत घेतलेल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो. ज्या बाईला पूर्वी कधी गुठळी झाली आहे, जिच्या आई-बहिणीला झाली आहे, जिला डोळ्यांपुढे लखलखून मग अर्धशिशी उठते, जिचं यकृत बिघडलेलं आहे, जिला पाळीशिवाय अधूनमधून रक्त जातं आणि कारण कळलेलं नाही, तिला ही गोळी परस्पर द्यायची नसते. क्षयाच्या किंवा फिटच्या औषधांपैकी काही चालू असतील तर गोळीचा असर कमी होतो. आणखी एक गोष्ट, जी तळावर मी पुन्हा पुन्हा सांगते: पाळी लांबली ती गोळीनेच, असं धरून चालू नका. पोटात गर्भ असू शकतो. गोळी बंद करून आठवडा उलटला आणि पाळी आली नाही, तर लघवीची तपासणी करून घ्यायलाच हवी.

म्हणूनच ही गोळी अनुसूची ‘एच’मधली आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा नियम आहे. प्रत्यक्षात मी पाहिलंय की बाईने खुणेने सांगितलं तरी पाकीट कागदात गुंडाळून हातात पडतं. किती दिवस घ्यायची, कुणी घ्यायची नाही, काहीही न सांगता. दहा गोळ्यांचं पाकीट दिवसाला तीनप्रमाणे चार दिवसही पुरत नाही. मग पुरवून पुरवून एकच घेतली जाते, दोन दिवस चुकतात, डाग दिसू लागतात, घाबरून एकदम चार घेतल्या जातात. काहीजणी आळंदीपासून द्वादशीपर्यंत घेतात. त्यानंतर जी पाळी येते ती कित्येकींना नेहमीपेक्षा जड जाते आणि ती येते परतीच्या एसटीत, नाहीतर गावी पोचल्या पोचल्या पेरणीच्या ऐन घाईत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. अडीच आठवडे चालून दमलेल्या, आधीच पांढऱ्या पडलेल्या बाईच्या अंगावरून असं जास्त जाणं काही किरकोळ गोष्ट नव्हे.

मला फिरायला मिळालं, नोकरीनिमित्त आणि हौसेनेही, आणि जाईन तिथे बायकांना हेच विचारायची सवय लागली. गडचिरोलीत भामरागडकडे माडिया आदिवासींच्या गावांत पाळीच्या दिवसांत बाई कुरमाघरात राहते. गावाच्या कडेला, कुडाची, बसकी झोपडी. पावसाळ्यात आत ओल, दाराला कडी नाही, रात्री साप डसला तर हाक ऐकायला जवळ कुणी नाही. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलीला ते बघवत नाही. पण तिथल्याच एका वयस्क बाईने मला सांगितलं, ‘तेवढेच चार दिवस पाठीला आराम असतो. जंगलातून मोळी आणायची नाही, धान कांडायचं नाही.’ हे ऐकल्यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. अलीकडे तिथे काही गावांत पक्क्या भिंतींची, पाणी आणि संडास असलेली महिला विसावा केंद्रं उभी राहिली आहेत. झोपडीची इमारत केली म्हणजे प्रथा पक्की केली, असं काही जण म्हणतात. मला वाटतं, तिथे जायचं की घरी राहायचं हे बाईने स्वतः ठरवावं, आणि जाणारीला सापाची भीती नसावी. पहिलं व्हायला वेळ लागेल म्हणून दुसरं अडवून धरणं मला पटत नाही.

आणि ओडिशात अगदी उलटं. जूनच्या मध्यावर, मिथुन संक्रांतीच्या आसपास तिथे रज पर्व असतं. पावसाआधी धरणीला पाळी येते असं मानतात, म्हणून तीन दिवस नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. मुलींनी आणि बायकांनी स्वयंपाक करायचा नाही. आंब्या-वडाच्या फांद्यांना झोके बांधतात, नवे कपडे घालतात, पोडा पिठा खातात. चौथ्या दिवशी पाटा-वरवंट्याला धरणीमाता समजून हळद लावून न्हाऊ घालतात. भुवनेश्वरच्या मैत्रिणीच्या घरी मी हा सण बघितला आणि फार हरखून गेले. नंतर कळलं की त्याच घरात मैत्रिणीच्या आईला तिच्या पाळीत देवघराचा उंबरा ओलांडता येत नाही. धरणीचं कौतुक, बाईला मनाई. गुवाहाटीला कामाख्येचं मंदिरही साधारण याच दिवसांत, अंबुबाचीला, देवीला पाळी आली म्हणून तीन दिवस बंद ठेवतात आणि दार उघडलं की दर्शनाला माणसांचा पूर लोटतो. एकाच रक्तासाठी कुठे झोपडी, कुठे झोका, कुठे उत्सव. हे सगळं माणसांनीच ठरवलेलं आहे आणि माणसांना ते बदलताही येतं, एवढं तरी या फिरण्यातून मला दिसलं.

बदलण्याची रीत तर तुमच्याच घरची आहे, महाराज. देहातूनच विटाळ जन्मतो, मग सोवळा तो कोण, हे चौदाव्या शतकात सोयराबाईंनी विचारून ठेवलं आहे. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या कान्होपात्रेची समाधी पांडुरंगाच्या राउळातच आहे. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि ज्या दारातून चोखोबांच्या लेकरांना आत जाता येत नव्हतं ते दार उघडलं. मुक्ताई, जनाई, बहिणाबाई यांची नावं तुम्ही रोज घेता. मला कीर्तनातलं काही शिकवायचं नाही, तो तुमचा अधिकार. पण या परंपरेत चालणारी बाई पाळीच्या भीतीने पदराच्या गाठीत गोळ्या बांधून येते, हे बघून मला फार वाईट वाटतं आणि ते तुम्हालाही वाटेल असा माझा विश्वास आहे.

म्हणून मागणं असं, की दिंडीची नावनोंदणी घेता तेव्हा भिशी किती, सामान कुठल्या ट्रकमध्ये, मुक्काम कुठे, हे सांगता तसं आणखी एक वाक्य सांगा. पाळी आली तरी आमच्या दिंडीत बाई चालेल, तुळस घेईल, कीर्तनाला बसेल, जेवायला सगळ्यांबरोबर बसेल. वाक्य तुम्ही स्वतः म्हणा, पुरुषांसमोर म्हणा. तुमच्या सौभाग्यवतींमार्फत बायकांच्या कानात सांगून भागणार नाही, कारण बाई घाबरते ती दिंडीतल्या चार जणांच्या नजरेला. सूनबाई, तुझी तारीख कधी, असं घरातून निघतानाच विचारणाऱ्या सासूच्याही कानावर ते थेट तुमच्या तोंडून पडू दे. तिच्यासाठी महाराजांचा शब्द माझ्या शंभर चिठ्ठ्यांपेक्षा मोठा आहे.

ज्या बाईला तिच्या मनानेच चार दिवस तुळशीला हात लावायचा नाही, तिने लावू नये. तिच्या श्रद्धेत मी पडणार नाही. तिची तुळस तेवढे दिवस दुसरीच्या डोक्यावर द्या आणि पाचव्या दिवशी काही न विचारता परत तिच्याकडे येऊ द्या. एवढी खात्री असती तर तरडगावच्या त्या बाईला गोळीची गरजच नव्हती. आणि सगळं समजून-उमजूनही जिला गोळी घ्यायचीच आहे तिला अडवू नका. प्रस्थानाच्या महिनाभर आधी तिला गावच्या आरोग्य केंद्रात जायला सांगा. रक्तदाब आणि वजन बघून, चार प्रश्न विचारून डॉक्टर ठरवतील. काहींना दुसरं औषध चालतं, काहींना कुठलंच नाही.

निभावण्याच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. ‘निर्मल वारी’ या स्वच्छता मोहिमेमुळे गेल्या दशकभरात फिरती शौचालयं आली, बायकांचा मोठा त्रास कमी झाला. २०२२ पासून राज्य महिला आयोगाच्या आरोग्यवारीत सॅनिटरी नॅपकिन आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष यांचीही सोय होऊ लागली. पण हे सगळं तळावर आणि मोठ्या मुक्कामी. मधल्या चालीत काय? पालखी मार्ग, राष्ट्रीय महामार्ग ९६५, रुंद झाला, ट्रक-टँकरला सोपा झाला. रुंदीकरणात कडेची जुनी झाडं गेली आणि झाडांबरोबर आडोसा गेला. दिवे घाटात, जेजुरीच्या रस्त्यावर, नीरेच्या पुढे, दुतर्फा माणसंच माणसं. बायका पाणी प्यायचं सोडतात. मग उन्हाळी लागते, ताप भरतो, आणि गोळी घेणाऱ्या बाईचं रक्त या पाण्यावाचून आणखी घट्ट होतं. दर विसाव्याला तुमच्या ट्रकमधून चार बांबू आणि दोन कनाती उतरवून एक आडोसा करता आला तर पुष्कळ होईल. ट्रकमध्ये मंडप असतोच, हे काही जास्तीचं ओझं नाही.

तळावर बायका पहाटे अडीच-तीनला उठतात, टँकरपाशी पुरुषांची गर्दी व्हायच्या आत अंधारात अंघोळ उरकायला. पाळी चालू असेल तर ती अंघोळ, कापड धुणं, सगळं मोबाइलच्या उजेडात, कुणी येतंय का बघत. टँकरजवळ एक दिवा आणि पहिला तास फक्त बायकांचा, एवढं जाहीर केलंत तरी त्यांची झोप तासाभराने वाढेल. पुष्कळजणी अजून कापडच वापरतात आणि पावसात ते वाळत नाही. ओलं कापड घेऊन वीस किलोमीटर चाललेल्या बायकांच्या जांघा मी बघितल्या आहेत, सोललेल्या, चिघळलेल्या. त्यांनी त्याबद्दल मलम मागितलं नव्हतं. पाय दुखतात म्हणून आल्या होत्या, साडी सावरताना दिसलं. म्हणून बायकांच्या राहुटीत कापड वाळत घालायला एक आतली दोरी, आणि वापरलेले नॅपकिन टाकायला झाकणाचा डबा, जो रोज कुणीतरी उचलेल. हे बघायला दिंडीतली एखादी जाणती बाई नेमा आणि तिचं नाव सगळ्यांना सांगा, म्हणजे कुणाला विचारायचं ते नव्या मुलीला पहिल्या दिवशीच कळेल.

आणि पायाकडे लक्ष ठेवा. दोन्ही पाय सुजले तर बहुतेक वेळा ते चालून. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, पुढे चालायचं नाही. लगेच वैद्यकीय पथकाकडे आणायचं, आणि गोळ्या चालू असतील तर ते लपवायचं नाही. एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर १०८ला फोन करायचा. हे पुरुषांनाही लागू आहे. गुठळी पुरुषांनाही होते.

शेवटी समाज आरतीबद्दल. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकतात आणि सगळ्यांसमोर निवाडा होतो. तक्रार मांडायची इतकी सरळ सोय मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. मी उभी राहून ऐकलं तेव्हा टँकर आला नाही, जागा कमी पडली, कुणाचं सामान हरवलं, अशा गोष्टी निघाल्या. बायकांच्या आडोशाची, अंघोळीची, पाळीची गोष्ट कुणाच्या तोंडून निघाली नाही. टाळकरी पुरुष असतात आणि त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. यंदा प्रस्थानाआधी आपापल्या दिंडीतल्या बायकांना एकत्र बसवून विचारा आणि त्या जे सांगतील त्यासाठी लोणंदच्या किंवा तरडगावच्या तळावर टाळ वाजत ठेवा.

दिंडीच्या बैठकीत बायकांशी किंवा पुरुषांशी या विषयावर बोलायला मी यायला तयार आहे, आणि माझ्यासारख्या इतर डॉक्टर मुलीही येतील. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोप दिलात तरी तिथल्या डॉक्टर, नर्सताई किंवा आशाताई हे काम करू शकतील.

आपली नम्र,
पालखी मार्गावरच्या वैद्यकीय पथकातली एक डॉक्टर